पहिली काफी खालच्या घरी

१४ ऑगस्ट २००९, अवसरी खुर्द

सिमेंटवाल्याने जानेवारीत दिलेली डायरी कोरीच पडली होती. आज वरचा मजला भाड्याने गेला, तेव्हा म्हटलं मुहूर्त बरा आहे.

नव्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायला आलेले व्यंकटराव नावाचे सर आणि त्यांच्या आई अंबुजाबाई, अशी दोनच माणसं. कुंभकोणमहून आले म्हटल्यावर मी मनात हिंदीची जुळवाजुळव करत होतो. तर बाई जिन्याच्या पहिल्या पायरीवरूनच म्हणाल्या, "उंच आहे की हो जिना. म्हातारीने चढायचा कसा?" मराठी! चाल वेगळी, शेवटाला हेल, पण मराठीच. यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडून तंजावरकडे गेले, तिथलेच झाले, पण घरात मराठी धरून राहिले.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही माघारी आलात. माहेरीच आलात म्हणा!"

बाई हसल्या. "माहेर कुंभकोणमला हो. तिथं दादा आहे माझा."

सामान बेताचं. एक पितळेचं दुमजली भांडं मात्र बाईंनी कोणाला धरू दिलं नाही, छातीशी धरून स्वतः वर नेलं. आत देव असतील म्हणून मी चपला काढून बाजूला उभा राहिलो. मागून कळलं, ते कॉफी गाळायचं भांडं. गेणू, माझा वडे तळणारा, दिवसभर हसतोय. "शेठ, नमस्कार केला का न्हाई?"

१६ ऑगस्ट

सकाळी अंबुजाबाई पितळी पेला आणि त्याखाली वाटी अशा थाटात कॉफी घेऊन खाली आल्या. त्या 'काफी' म्हणतात. म्हणाल्या, "पहिली तुमच्या घरी."

त्यांच्याकडे रीत अशी, की भुकटीवर गरम पाणी ओतून जे पहिलं दाट पाणी उतरतं, त्याची काफी घरच्यांनी प्यायची नाही. ती दुसऱ्या घरी गेली पाहिजे. मग त्याच भुकटीवर दुसरं पाणी ओतायचं, ते घरच्यांचं. सासूबाईंनी घालून दिलेलं. तिकडे भिंतीला भिंत लागून घरं, द्यायला कोणीतरी असायचंच. "इथं तुम्हीच."

आता मी पडलो चहावाला. मंचरच्या स्टँडवर हातगाडी लावली तिथपासून आजच्या हॉटेलापर्यंत चहानेच आणलं. कॉफी म्हणजे चहाची सवत, तिला तोंड लावायचं नाही, असं मी गिऱ्हाइकांना गमतीने सांगायचो, आणि सांगता सांगता खरंच कधी लावलं नाही. पण धंद्यात एक सवय लागलीय. समोरच्याने हौसेने काही पुढे केलं, की आधी 'वा' म्हणायचं. पेला नाकापाशी नेला, फुंकर मारली आणि म्हटलं, "वा, बाई! लई भारी!"

बाईंचा चेहरा असा काही उजळला. त्या वर गेल्या आणि मी पेला खाली ठेवला.

प्रयागने, माझ्या बायकोने, हुंगला. "आगं आई. जळल्याला चिंचोका हाय जनू. उष्ण पडंल मला." शेवटी म्हशीच्या आंबोणात गेला. रिकामं भांडं माघारी द्यायचं नाही म्हणून तिने वाटीत मूठभर शेंगा घालून धाडल्या.

२ सप्टेंबर

काफी रोज येते. रोज आंबोणात जाते. म्हशीला इतकी चटक लागलीय, की जिन्यावर बाईंची पावलं वाजली की ती दाव्याला हिसका देते. बाई दूध आमचंच घेतात. म्हणजे म्हशीचं दूध वर जातं, काफी होऊन खाली येतं आणि म्हशीच्याच पोटात जातं. गेणू म्हणतो, "शेठ, आता तिला इडली बी चालू करा."

बाई मात्र रोज विचारतात, "आज कशी होती?" रोज 'लई भारी' शोभत नाही. काल म्हटलं, "आज जरा निराळी लागली, बाई."

त्या जिन्यातच थबकल्या. "कळलं तुम्हाला? दादाने या खेपेला बारक्या गोल बिया जास्त घातल्यात. स्वतः भाजतो, स्वतः दळून धाडतो. पहिल्या घोटाला कडू, मग जिभेच्या मागे गोडसर, असं तो म्हणतो. माझ्या मुलाला नाही कळत. त्याला दुधात साखर असली की झालं."

अंदाजाने बॅट फिरवली आणि चेंडू सीमेपार. घरात येऊन प्रयागला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. लिहिताना आत्ताही हसू येतंय.

२२ सप्टेंबर

अंबुजाबाईंचा भाऊ गेला. झोपेत गेला म्हणे. इतक्या लांब, जाणं झालं नाही. मी आणि प्रयाग वर जाऊन बसलो. बाई रडत नव्हत्या, पितळेचं भांडं चिंचेने घासत होत्या. मी माझ्या परीने चार शब्द बोललो. त्या म्हणाल्या, "त्याला तुमच्याविषयी सांगितलं होतं हो मी."

काय सांगितलं, ते विचारायचं सुचलं नाही.

सुतकामुळे काफी बंद आहे. खरं लिहायचं तर बरं वाटलं. रोज नवी तारीफ शोधायची म्हणजे कामच होऊन बसलं होतं. म्हैस तेवढी हंबरते.

६ ऑक्टोबर

पेला पुन्हा सुरू झाला, पण आता अर्धाच येतो. मी प्रयागला म्हटलं, "बाई आपल्याकडचं कटिंग शिकल्या बघ."

आणि आज तर कमाल. बाई हॉटेलात आल्या, बाकावर बसल्या आणि चहा मागितला! मी स्वतः आलं ठेचून, दूध जास्त घालून केला. सगळा प्यायल्या. विचारलं, "आवडला?"

"आवडला हो," म्हणाल्या. "आता रोज हाच घेईन म्हणते."

दिवसभर सगळ्यांना सांगत होतो. तीनशे वर्षांची काफी माझ्या एका चहाने सोडवली! टपालवाला भिमाजी तिथेच चहा पीत होता. तो म्हणाला, "तरीच. त्यांचं पार्सल यायचं बंद झालं. राव, त्या पिशवीनं समद्या टपालाला वास सुटायचा. लोक लायटीचं बिल हुंगून बघायची."

इथलं पाणी लागलं म्हणायचं बाईंना.

२० ऑक्टोबर, भाऊबीज

सकाळी पुण्याहून अक्षदा आणि जावई यायचे, म्हणून घरात धांदल. त्यात बाई आल्या. नवं लुगडं नेसलेल्या, आणि आज पेला काठोकाठ भरलेला. खाली वाटीतही सांडलेली. म्हणाल्या, "आज भरून आणलीय. गरम आहे तोवर घ्या."

मी म्हटलं, "वा! दिवाळी आहे म्हटल्यावर भरूनच पाहिजे!" त्या जरा वेळ उभ्या राहिल्या. मग व्यंकटरावांनी वरून हाक मारली, तशा गेल्या.

प्रयागच्या हाताला पीठ होतं, म्हणून आज मीच पेला नेऊन आंबोणात ओतला. वाटीत दोन करंज्या ठेवल्या.

५ नोव्हेंबर

आज जे ऐकलं, ते लिहू का नको, असं झालंय. पण सांगायला तरी दुसरं कोण आहे.

गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बिघडला होता, तो बघायला टाकीमागे बसलो होतो. मोबाईलला रेंज गच्चीच्या एकाच कोपऱ्यात येते. बाई तिथे आल्या आणि भावजयीला फोन लावला. तिकडे त्यांची मराठी शेजारापाजाराला कळत नसे, त्यामुळे मोठ्याने बोलायची सवय आहे त्यांना. इथे सगळा गाव मराठी, हे फोन कानाला लावला की विसरतात. मी उठून जायला हवं होतं. पण माझे कान धंद्यात तयार झालेले आहेत. पलीकडच्या बाकावर काय चाललंय ते ऐकतच मी वाढलो.

त्या म्हणत होत्या, "नको गे वहिनी, विकतची पाठवू नको. दादाच्या हातची संपली की माझी काफी संपली. आहे अजून थोडी डब्यात. दिवसाला अर्ध्याच पेल्याची घालते... मी? मी कुठली घेते. एवढ्याशा भुकटीच्या दुसऱ्या पाण्याला नुसता रंग येतो. मी चहा घेते." मग हसल्या. "कसा म्हणजे? गरम असतो गे. गोड असतो."

मी पाना हातात धरून तसाच बसलो.

"छे, त्यांना कशी बंद करू? खालचे शेट फार चांगला माणूस. त्यांची जीभ दादासारखी आहे. बिया कुठल्या जास्त, कुठल्या कमी, घोटात ओळखतात. भाऊबीजेला भरून दिली त्यांना. दादालाच दिली असं समजले."

त्या खाली गेल्या तरी मी टाकीमागेच. व्हॉल्व्ह तसाच राहिला, पाणी वाहून जिन्यापर्यंत गेलं.

६ नोव्हेंबर

प्रयागला सांगितलं. ती चुलीपुढची उठली नाही. लाकूड आत सारत म्हणाली, "तुमी रोज 'लई भारी' म्हनायचा आन् मी रोज वतायची. त्या भाऊबीजंला तर तुमीच वतली."

"मला काय ठाऊक, भाऊ गेलेल्या बाईला भाऊबीज असते म्हणून?"

"भैन हाय म्हनल्यावर असती."

मग म्हणाली, "आत्ता वर जावा आन् सरळ सांगा."

"काय सांगू? तुमच्या दादाची काफी माझ्या म्हशीने प्यायली?"

"व्हय. तसंच सांगा."

जिन्याच्या सहा-सात पायऱ्या चढलोही. वरून बाईच उतरत होत्या, हातात अर्धा पेला. तो घेतला. आता हा प्यायचा, तर बाईंच्या तोंडचं काढून प्यायचा. ओतायचा, तर काय ओततोय ते आता कळून ओतायचा. माझं डोकं अशा वेळी फार चालतं, तेच नडतं. म्हटलं, "बाई, डॉक्टरने काफी बंद केली. बीपी वाढलंय." एवढं सांगितलं की त्या स्वतः पितील, असा माझा हिशेब.

बाई घाबरल्या. माझ्या कपाळाला हात लावून बघितला. बीपी कपाळाला कळत नाही, हे त्यांना कोण सांगणार. "आधी का नाही सांगितलंत? मी रोज तुमच्या घशात घालत होते की हो." पेला परत घेऊन गेल्या.

म्हटलं, सुटलो. प्रयाग माझ्याशी बोलत नाही.

१५ नोव्हेंबर

व्यंकटराव हॉटेलात आले. गरीब माणूस, तोंडातून शब्द निघायला वेळ लागतो. म्हणाले, "शेठ, तुमची तब्येत कशी आहे? आई रोज विचारायला सांगते. तिने काफी करायचीच सोडली. पहिली द्यायला कोणी नाही म्हणते. भांडं पालथं घालून ठेवलंय."

"अहो, मग स्वतः प्यायची ना त्यांनी!"

"ते तिला जमायचं नाही. डबा उघडते, वास घेते आणि झाकण लावते."

मी गल्ल्यावर बसून होतो. गेणू दोनदा विचारून गेला, वड्याचं पीठ भिजवू का. तिसऱ्यांदा म्हणाला, "शेठ, कुनी गेलं का तुमचं?"

१६ नोव्हेंबर

सकाळीच वर गेलो. ठरवून गेलो होतो, की सांगायचं. प्रयाग मागून जिन्याशी येऊन उभी राहिली, मी वाटेतून परत फिरू नये म्हणून असेल.

बाईंनी दार उघडलं. आधी माझा चेहरा बघितला, मग विचारलं, "बरं आहे ना आता?"

आणि मी म्हणालो, "हो. डॉक्टर म्हणाले, काफी चालेल."

माझ्या तोंडाला कोणीतरी कुलूप घालायला हवं होतं. बाईंना केवढा आनंद झाला! "खाली बसा, आणते," म्हणाल्या. आम्ही ओट्यावर येऊन बसलो. प्रयागने माझ्याकडे बघितलंच नाही.

बऱ्याच वेळाने बाई उतरल्या, एका हातात भरलेला पेला, दुसऱ्या हातात आणखी एक. माझ्यासमोर पहिला ठेवला. म्हणाल्या, "ही शेवटची हो. डब्यात जेवढी होती तेवढी सगळी घातली. म्हटलं, शेटना बरं वाटलं तर त्यांना द्यायची. नाहीतर तशीच राहू द्यायची."

मी म्हटलं, "बाई, अर्धी तुम्ही घ्या."

"पहिली आम्ही घेत नाही हो." त्यांनी दुसरा पेला दाखवला. "दुसरं पाणी आणलंय की माझं. आज भुकटी जास्त होती, रंग बरा आलाय."

रंग कसला, दूध जेमतेम मातकट झालं होतं. तो पेला दोन्ही हातांत धरून त्या माझ्या समोर बसल्या. मी प्यावं म्हणून थांबल्या होत्या. मी प्यायल्याशिवाय त्यांना घोट घेता येत नव्हता.

प्यायलो. सगळी प्यायलो. प्रयागच्या समोर, बाईंच्या समोर. कशी होती म्हणून कोणी मला शपथेवर विचारलं तरी सांगता यायचं नाही. काहीतरी गरम घशाखाली गेलं एवढंच. कान तापले होते, जिभेवर काही उमटलंच नाही.

बाई थोड्या पुढे झुकल्या. "तीच ना?"

म्हणालो, "तीच."

प्रयाग उठून आत गेली.

बाईंनी डोळे पुसले आणि आपलं पांढरट पाणी सावकाश प्यायला लागल्या. म्हणाल्या, "दादाच्या हातची चव या मुलखात आता तुम्हाला आणि मलाच ठाऊक हो, शेट. तिसरं कोणी नाही." तिसरी गोठ्यात उभी होती. खरं तर दुसरीच. माझा नंबर त्यात लागतच नाही.

२४ नोव्हेंबर

पुण्याला गेलो होतो. एका दुकानातून काफीची ताजी भुकटी आणली. दुकानदाराने विचारलं, "कशी हवी? कडक, मध्यम?" मला सांगता येईना. त्याने दिली ती घेतली. बाईंनी पुडी हातात घेतली, हुंगली, माझं मन राखायला "छान आहे हो" म्हणाल्या आणि फळीवर ठेवली. त्यांचं 'छान आहे' कसलं आहे ते मला पटकन कळलं. तसलं मी आयुष्यभर विकत आलोय.

प्रयाग आता बोलते, पण कामापुरतं. आज म्हणाली, "अजून बी सांगता येतंय." मी म्हटलं, "आता सांगितलं तर बाईंना काय राहील?" ती म्हणाली, "त्यांचं नगा सांगू. तुमचं काय राहील, त्याचं भ्या वाटतंय तुमाला."

खरं दोन्हीही असेल. पण पारडं कुणीकडे झुकतं, ते मला ठाऊक आहे.

५ डिसेंबर

संध्याकाळी अंबुजाबाई आमच्या ओट्यावर येऊन बसतात. प्रयाग वालपापडी मोडते, त्याही मोडू लागतात. मी चहा पाठवतो, तो पितात. आज कप तसाच राहिला. जरा वेळाने म्हणाल्या, "शेट, एक विचारू? हसू नका. सकाळपासून दादाची काफी आठवायला बघतेय. आठवत नाही हो. चहाच येतो जिभेवर. तुमची जीभ पक्की आहे. कशी होती ती?"

प्रयागचे हात थांबले. मान वर केली नाही. हीच वेळ होती, मलाही ते समजत होतं. बाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू त्यांची वस्तू माझ्याकडे ठेवायला दिली आहे आणि ती आता मी आतून काढून आणणार.

मी सांगायला लागलो. म्हटलं, पहिल्या घोटाला कडू. मग ते कडू हळूहळू सरतं आणि जिभेच्या मागे गोडसर काहीतरी राहतं. बारक्या गोल बिया जास्त असल्या की वास आधी येतो आणि चव मागून. बाईंचेच शब्द होते, जिन्यावर, दारात वेळोवेळी ऐकलेले. माझ्या कानांनी एकही सांडलेला नव्हता. ते संपले तसे मी आपल्या पदरचे घातले. भाजलेल्या धन्यासारखा थोडा वास, म्हटलं. पावसात ओल्या लाकडाचा येतो तसाही थोडा. पेला संपला तरी बराच वेळ बोलू नये असं वाटायचं, म्हटलं.

फार चांगलं सांगितलं मी. इतकं चांगलं मी कोणाला काही सांगितलं नसेल.

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "होय," म्हणाल्या. "होय. अशीच. धन्याचं मी विसरलेच होते की हो." मग डोळे उघडून, लहान मुलीने विचारावं तसं विचारलं, "उद्या परत सांगाल?"

म्हणालो, "सांगेन की."